चाचांच्या हॉलमधला थर्मोस्टॅट

“सर, मशीन एकदम ओके है. बुड्ढा पागल हो गया है!”

मी फोनवर मॅनेजरला सांगत होतो. लिफ्ट येत नव्हती, डोकं तापलेलं, आवाज चढलेला. मागे वळलो तर रफीकचाचा उभे. हातात माझा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला लावून करंट मोजायचा चिमटा. मी तो त्यांच्याच घरात विसरलो होतो.

“हे राहिलं रे तुझं,” एवढंच म्हणाले आणि परत फिरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे जाऊन पाय धरायला हवे होते. पण तेवढ्यात लिफ्ट आली आणि मी आत शिरलो.

मी शारजात एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. अल नहदामधल्या काही बिल्डिंग आमच्या कंपनीकडे आहेत. चाचा त्यातल्याच एकीत राहतात. आमच्या गुहागरकडचे. मी पहिल्यांदा गल्फमध्ये आलो तेव्हा कंपनीने रूम द्यायला उशीर लावला, तर याच चाचांच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपायचो. चाची मला रोज पुढ्यात बसवून माशाचं कालवण वाढायच्या. एक दिरहम कधी घेतला नाही. माझ्यासारखी कितीतरी पोरं त्या हॉलमधून कामाला लागली. आणि त्या माणसाला मी पागल म्हणालो!

त्यांची कम्प्लेंट अशी होती. एसी सुरू होतो, दोन-तीन मिनिटांत बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. दिवसभर हेच. आणि इतकं करूनही बेडरूम तापलेलीच. आम्ही याला शॉर्ट सायकलिंग म्हणतो. एसीचा जीव असतो कॉम्प्रेसरमध्ये, आणि कॉम्प्रेसरला खरा त्रास होतो तो सुरू होताना. सारखा चालू-बंद झाला की तो एक दिवस जळतो. इकडच्या उन्हाळ्यात एसी गेला तर घरात बसवत नाही. त्यात चाचींना बीपी. त्या बेडरूममध्ये चक्कर येऊन पडल्या होत्या एकदा.

आमच्याकडे आधी फोन करून जायची पद्धत आहे. फोन केला की चाचा म्हणायचे, “आज नको, उद्या ये.” उद्या गेलं की घर कसं लख्ख. सोफा झाडलेला, टेबलावर सरबत. आणि मशीन? मशीन शहाण्यासारखं चालायचं! पहिल्यांदा गेलो तेव्हा फिल्टर धुतला. पुढच्या खेपेला थर्मोस्टॅट बदलला. थर्मोस्टॅट म्हणजे हॉलच्या भिंतीवरची ती छोटी डबी. ती खोलीचं तापमान बघते, गार झालं की मशीन बंद करते. त्यानंतर गॅसचं प्रेशर, वायरिंग, बोर्ड, सगळं तपासलं. कुठे काही नाही.

बाल्कनीत प्लायवूडचे लांब तुकडे रचलेले होते. मी सहज विचारलं तर चाचा म्हणाले, “कपाट करायचंय.” त्यांची धाकटी सना सोफ्यावर बसून मोबाइल बघत होती. मान वर न करता म्हणाली, “अंकल, इट वर्क्स ओन्ली व्हेन यू कम.”

“बघा चाचा, मला घाबरतं तुमचं मशीन!” मी हसलो.

चाचा हसले नाहीत. “सना, आत जा,” म्हणाले. पोरीने उत्तर हातात आणून दिलं होतं, आणि मी तिची थट्टा करून सरबत प्यायलो.

इकडे मॅनेजर माझ्या डोक्यावर बसलेला. “हबीबी, वही फ्लॅट, वही कम्प्लेंट! काम आता है के नहीं?” इतक्या वर्षांच्या माणसाला हे ऐकवतात म्हणजे काय! झोंबलं. त्या झोंबण्यात लिफ्टपाशी ते वाक्य तोंडातून गेलं.

त्यानंतर चाचांची कम्प्लेंट बंद झाली. मॅनेजर खूश. मी मात्र त्या बिल्डिंगमध्ये मान खाली घालून शिरायचो.

मग एकदा दुसऱ्याच फ्लॅटच्या कामाला तिथल्या टेरेसवर गेलो. सगळ्यांची आउटडोअर युनिटं तिथेच असतात. काम करता करता एक मशीन सुरू झाल्याचं ऐकलं. थोड्या वेळात बंद. परत सुरू. परत बंद. नंबर बघितला तर चाचांचा फ्लॅट. म्हातारा खरं बोलत होता! फोन-बिन काही न करता मी तसाच खाली पळालो.

दार उघडलं ते लुंगीतल्या एका अनोळखी पोराने. मी आत बघतच राहिलो. सोफा गायब. त्याच्या जागी प्लायवूडच्या खोल्या, आणि प्रत्येकीत वर-खाली बंक बेड. भाड्याने दिलेला एकेक बेड, इकडे त्याला बेडस्पेस म्हणतात. थर्मोस्टॅट पहिल्याच खोलीच्या आत अडकलेला. अख्ख्या फ्लॅटचा गारवा त्या खुराड्यात शिरायचा, ते चटकन गार व्हायचं, डबी म्हणायची खलास, मशीन बंद. आत माणसं, लगेच गरम व्हायचं, मशीन पुन्हा चालू. बेडरूमपर्यंत गारवा पोचायचाच नाही. मी येणार म्हटलं की प्लायवूड आणि बेड सुटे करून बाल्कनीत जायचे, पोरं बाहेर आणि सोफा परत जागेवर. घराबरोबर बिघाडही आवरला जायचा.

चाचा बेडरूममधून बनियनवर बाहेर आले. मला बघून आधी त्यांनी शर्ट शोधला.

“नोकरी गेली रे सुधीर. बरेच दिवस झाले,” बटणं लावत म्हणाले. “सनाची शाळा, घराचं भाडं... गावात कुणाला बोलू नकोस.”

“चाचा, मला तर सांगायचं. मी याच हॉलमध्ये झोपायचो.”

“तेव्हा मी पैसे घेत नव्हतो,” चाचा म्हणाले.

चाचींनी आतून पाणी आणलं. खोली भट्टीसारखी तापलेली, त्यांचा चेहरा लाल झालेला, आणि त्या मलाच म्हणत होत्या, “बस रे, घामाघूम झालायस.” मला तो ग्लास धरवेना.

“चाचा, त्या दिवशी लिफ्टपाशी मी जे बोललो...”

“जाऊ दे. मशीन खरंच ओके होतं ना?”

थर्मोस्टॅट बेडरूममध्ये हलवणं तासाभराचं काम. पण इतकी माणसं, सगळीकडे प्लायवूड आणि बाहेर पडायला एकच दार. आग लागली तर? मी स्पष्ट सांगितलं, हे काढावंच लागेल. चाचांनी मान हलवली. तोवर चाचींसाठी मी डबी हलवून दिली. ऑफिसमध्ये म्हणालो, थर्मोस्टॅटची जागा चुकली होती. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, “देखो, इसको बोलते एक्स्पीरियन्स!” त्या थापेने मला अजून लाज वाटली.

पोरांसाठी मी आमच्या ओळखीत जागा बघून दिली. प्लायवूड निघालं. चाचांनी फ्लॅट सोडला आणि जवळच एका खोलीचं घर घेतलं. दुबईत रास अल खोरला एका गोदामात त्यांना हिशेबाचं काम मिळालंय. ते त्यांनी स्वतःच शोधलं. मला विचारलंसुद्धा नाही.

यातून मी एवढंच शिकलो, की मशीन जिथे चालतं तिथे ते तसंच बघावं. आता कुठेही जायचं तर फोनवर सांगतो, “येतोय. पण घर आवरू नका, रोज असतं तसंच राहू द्या.”

परवा चाचांचा फोन आला. नव्या घरातल्या एसीतून पाणी गळतंय म्हणाले.

“कधी येऊ?” मी विचारलं.

“आत्ता ये,” चाचा म्हणाले. “काहीएक आवरलेलं नाही.”