ईराचं ‘योशी’ आम्ही बंद केलं

आत्ताच स्टेशनवरून घरी आलोय आणि लगेच इथे लिहितेय.

आम्ही जपानमध्ये राहतो; आमची मुलगी ईरा ऑटिस्टिक आहे. प्लॅटफॉर्मच्या कडेची पिवळी पट्टी दिसली की ती तिथे थांबून इथल्या रेल्वे गार्डसारखं बोट रोखून ‘योशी!’ म्हणजे ‘ठीक!’ असं ओरडायची, पुन्हापुन्हा. लोक वळून बघायचे. महिनाभर मागे लागून आम्ही ती सवय सोडवली.

आज ती अगदी गप्प चालत होती. पट्टी आली, तरी चालतच राहिली. समोरून गाडी येत होती. तिच्या दप्तराचा पट्टा हाताला लागला म्हणून मागे ओढता आलं.

“थांबायचं ना गं!” मी किंचाळले.

“योशी म्हणायचं नाही ना. मग थांबायचं कसं?”

आणखी काय काय बंद केलंय आम्ही? तुम्ही कसं ओळखता, कुठल्या सवयीला हात लावायचा नाही ते?