जाळ्याचा वाटा

जानकी मेस्त्री निवृत्त झाल्या तेव्हा भाषण करायला उठलेल्या प्रत्येकाने तेच वाक्य घोळवलं: बाईंनी मुलांच्या मनातली गणिताची भीती घालवली. पाच जण बोलले, पाचांनीही हेच. बाई खुर्चीत शाल सांभाळत बसल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं, उठावं आणि ह्या सगळ्यांना गप्प करावं. भीती घालवली हे खरं. पण एका पोरीच्या मनातली घालवलेली भीती ह्याच बाईंनी परत आणून ठेवली, हे कोणीतरी बोला ना! पण बोलणार कोण? जिच्या बाबतीत ते घडलं होतं ती पोर समारंभाला फिरकलीच नव्हती. मग भिंतीवरचं घड्याळ मिळालं, फोटो निघाला, आणि सगळे समोसा खाऊन घरी गेले.

बाई मूळच्या नांदगावच्या. तिसरीत असताना गुरुजींनी त्यांना फळ्यापाशी बोलावून त्रेपन्नातून सव्वीस वजा करायला सांगितलं होतं. त्यांनी केलं, आणि गुरुजींनी फळ्याकडे नुसती एक नजर टाकून म्हटलं, "चूक. बस खाली." मारलं नाही, ओरडले नाहीत, चेष्टाही केली नाही. बाई पुढे म्हणायच्या, मारलं असतं तर परवडलं असतं, निदान राग तरी धरता आला असता. नुसतं चूक म्हणून टाकून दिलं, आणि कुठे चुकलं ते जाणून घ्यावं असंही त्या माणसाला वाटलं नाही. त्यानंतर शाळा संपेपर्यंत गणिताच्या तासाला ही मुलगी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीआड बसली.

डी.एड.ला गेल्यावर त्यांनी पहिलीपासूनची गणिताची पुस्तकं आणून एकटीने पुन्हा सोडवली. हातच्याची वजाबाकी त्यांना एका दुपारी कळली. कळली आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्यांचं डोकं फिरलं. इतकं सोपं होतं? मग आपली इतकी वर्षं कोणी खाल्ली? त्या दुपारी त्यांनी ठरवलं की आपल्या वर्गात चूक हा शब्द येणार नाही.

आणि तो आला नाही. मुलाने उत्तर दिलं की बाई एकच विचारायच्या, "कसां काढलंस?" उत्तर बरोबर असो की भलतंच, सूर तोच. कारण पोरं मोठी बेरकी, बाईंच्या आवाजावरून ओळखतात की आपलं गाडं कुठे अडलंय. मूल सांगत जायचं, मध्येच स्वतः थांबायचं, जीभ चावायचं आणि म्हणायचं, "थांबा बाई, हयसर गडबड झाली." बाईंना त्या जीभ चावण्यातच पगार मिळाल्यासारखं वाटायचं. बाकीचे शिक्षक हसायचे. एक पाढा घोकून घ्यायचा सोडून बाई गप्पा मारत बसतात, म्हणायचे. म्हणोत बापडे.

रसिका कुबल त्यांना भेटली ती माडतळवाडीच्या शाळेत. आचरा आणि तोंडवली यांच्या मधली ही किनाऱ्यावरची वाडी. दोन खोल्यांची शाळा, अकरा मुलं, त्यातली बहुतेक मासे धरणाऱ्या रापणकरांची. रसिका तेव्हा तिसरीत होती. तिला काही विचारलं की ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. वर्गातली मदिहा मात्र तोंडाची फटकळ आणि डोक्याची तल्लख, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची, त्यामुळे रसिकाचं बोलणं राहून जायचं ते राहूनच जायचं. पहिले चार महिने बाईंनी तिचा आवाजच ऐकला नाही.

मग भागाकार आला, आणि बाई सगळा वर्ग घेऊन किनाऱ्यावर गेल्या. त्या दिवशी रसिकाचे वडील, लवू कुबल, यांची रापण लागली होती. रापण म्हणजे होडीने जाळं समुद्रात टाकत गोल फिरवून आणायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. मग तो कोणीही असो, वाटेने जाणारा असो. मासळीचे वाटे पडले, माणसं उठून गेली, आणि बाईंनी तिथेच वाळूत मुलांना बसवून एकवीस शिंपले पुढ्यात ओतले. "पाच माणसां, एकवीस मासे. वाटून दाखवा." बाईंना बाकी शिकवायची होती. चार चार वाटायचे आणि एक उरवायचा, असा त्यांचा बेत.

पोरं पाच वाटे मांडायला लागली तेवढ्यात मागून आवाज आला. "बाई, जाळ्याचो वाटो ऱ्हवलो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रसिका उठून पुढे आली होती. "जाळ्याचो ऱ्हवलो आणि होडयेचो पण ऱ्हवलो," असं म्हणून तिने आणखी दोन वाटे मांडले आणि शिंपले फिरवत टाकत गेली. सात वाटे, प्रत्येकात तीन. काही उरलं नाही.

बाईंनी विचारलं, "कसां काढलंस गो?" आणि रसिका बोलली. बोलली म्हणजे थांबेचना. जाळं फाटतं, ते शिवायला सूत लागतं. होडीला भोक पडतं. म्हणून आधी त्या दोघांचे वाटे, मग माणसांचे. आपले बाबा तसंच करतात, त्यांचे बाबा तसंच करायचे. बाईंचा बाकी शिकवायचा बेत वाऱ्यावर गेला आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. त्यांनी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला ही गोष्ट दोनदा सांगितली.

पुढचं वर्षभर फार छान गेलं. रसिका मदिहाशी वाद घालायची, फळा अडवून बसायची, मधल्या सुट्टीत लहान मुलांना शिंपले मांडून भागाकार शिकवायची. लवू एकदा शाळेत येऊन म्हणाला, "बाई, माझां चेडू आता घराकडे माझीच परीक्षा घेता." बाई म्हणाल्या, "घेवदे. तुमका गरज आसा." दोघेही हसले.

रसिका चौथीत असताना तालुक्याहून साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. शाळेला प्रगत असा शेरा मिळाला तर शाळा टिकेल, नाहीतर कमी पटाची म्हणून मुलं आचऱ्याच्या शाळेत पाठवतील, अशी कुजबूज होती. बाईंनी पंधरा दिवस मुलांची तयारी घेतली. स्वतःसाठी नव्हे, शाळेसाठी, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. थोडं स्वतःसाठीही होतं. आपली पद्धत कोणीतरी मोठ्या माणसाने बघावी आणि वा म्हणावं, एवढी हाव त्यांना होती. माणूस म्हटल्यावर असायचीच.

साहेब आले, चहा झाला. साहेब वाईट नव्हते. उलट मुलं घाबरू नयेत म्हणून पुस्तकातलं गणित बाजूला ठेवून म्हणाले, "आपण तुमच्याच गावचं गणित करू. सहा जण मासे धरायला गेले. चोवीस बांगडे मिळाले. सारखे वाटून घेतले. तर प्रत्येकाला किती?"

रसिकाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मदिहाच्याही आधी.

तिने डोळे मिटले, ओठ हलवले आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "तीन."

"किती?" साहेबांनी विचारलं.

"तीन, सर." तिने बाईंकडे पाहिलं. ती वाट बघत होती, बाई आता विचारतील कसां काढलंस, आणि ती जाळ्यापासून सुरुवात करून सगळं सांगेल.

बाईंना तीन कुठून आले हे कळायला क्षणही लागला नाही. सहा माणसं, एक जाळं, एक होडी. आठ वाटे, तिनाचे. वाळूत मांडलेले शिंपले डोळ्यांसमोर आले. पण साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं. ते म्हणाले, "बाई, चौथीला भागाकार झालाय ना?" आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "चूक. बस खाली. मदिहा, तू सांग."

मदिहाने चार सांगितलं. साहेबांनी शाबास म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत रसिकाही होती. ती खाली बसून टाळ्या वाजवत होती, हे बाई आजही विसरलेल्या नाहीत.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, ही रापणकराची मुलगी आहे, तिला विचारा तीन कसे आले. साहेब कदाचित खूशही झाले असते. बाईंना छत्तीस वर्षांच्या नोकरीत हजार वाक्यं सुचली, ते एक त्या दिवशी सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. बोलायला भ्याल्या.

संध्याकाळी त्या लवूकडे गेल्या. तो माडाखाली बसून जाळं शिवत होता. त्याला सगळं कळलेलं होतं.

"या बाई," तो म्हणाला, आणि शिवणं थांबवलं नाही. "माका एक सांगा. त्या सहा जणांनी काय हातान बांगडे धरले? जाळां व्हतां मां?"

"व्हतां."

"मगे जाळ्याक वाटो नको? नाय दिलो तर दुसऱ्या दिवशी जाळां शिवतलो कोण, तुमचो साहेब?"

"लवूदादा, माका ठावक व्हतां."

लवूचा हात थांबला. "तुमका ठावक व्हतां?"

लवूने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा सुई हातात घेतली. चहा विचारला नाही. त्या घरातून चहा न घेता बाई पहिल्यांदाच परतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "काल रसिकाचां बरोबर व्हतां. माझी चूक झाली." रसिका उभी राहिली, शहाण्या मुलीसारखी, आणि म्हणाली, "नाय बाई. मदिहाचां बरोबर व्हतां. तुम्हीच म्हटलात." रुसून नाही, टोमणा मारूनही नाही. बाईंचा शब्द तिने खरा मानला होता, एवढंच. वर्षभर ज्या बाईंवर विश्वास ठेवायला ती शिकली, त्याच बाईंचा तो शब्द. त्यानंतर ती आधी मदिहाची पाटी बघायची आणि मग आपलं उत्तर लिहायची. बाई कसां काढलंस म्हणून विचारायच्या, ती अंगठ्याने जमीन उकरायची. बाईंनी शिंपले आणले, गोष्टी सांगितल्या, जवळ बसवलं, एकदा तर रागावल्याही. काही उपयोग झाला नाही.

शाळेला प्रगतचा शेरा मिळाला. दोन वर्षांनी पट सातवर आला आणि शाळा बंद झाली. त्या शेऱ्याचा कागद आता कुठल्या कपाटात आहे कोण जाणे. रसिका दहावीला गणितात गेली. पुन्हा बसली नाही.

निवृत्तीनंतर बाई आचऱ्यातच राहिल्या. यंदा पाऊस संपून रापणी सुरू झाल्या तशा त्या सकाळच्या किनाऱ्याने तोंडवलीच्या बाजूला चालायला जायच्या. एके दिवशी माणसं दोरी ओढताना दिसली. पर्यटकांचं एक जोडपंही हौसेने ओढत होतं, फोन वाळूत उभा करून. बाईंनीही चप्पल काढली आणि दोरीला हात लावला. का, ते त्यांनाच माहीत. जाळं वर आलं, आणि वाटे घालायला गुडघ्यांवर बसली ती रसिका. लवूचे गुडघे गेले होते, आता ते काम तिच्याकडे होतं.

बाई बघत राहिल्या. तिचे हात झरझर फिरत होते. बांगडे फिरवत टाकायचे, एखादा मोठा आला की दुसऱ्या वाट्यावर दोन लहान, हातात तोलून एक इकडचा तिकडे. बाईंनी न राहवून मोजलं. माणसं सोळा, वाटे अठरा. पहिले दोन, जरा बाजूला ठेवलेले, जाळ्याचा आणि होडीचा. कुठला वाटा जड नाही, कुठला हलका नाही.

पर्यटकाने कौतुकाने विचारलं, "ताई, न मोजता कसं जमतं हो? प्रत्येकी किती आले?"

रसिका हसली. "मला गणित येत नाही हो, दादा. दहावीला त्याच्यातच गेले. या आमच्या बाई आहेत गणिताच्या. यांना विचारा."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. "हिचं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून बरोबर आहे. चुकले मी."

रसिकाने वर पाहिलं, तशीच गोड हसली आणि त्या पर्यटकाला म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. त्या सगळ्या मुलांना असंच म्हणायच्या."

मग तिने एक वाटा बाईंच्या पायांपाशी सरकवला. "बाई, तुमचो वाटो. दोरयेक हात लावलात मां? पिशवी आणल्यात?"

बाईंनी पिशवी आणली नव्हती. रसिकाने आपली दिली.