पिवळ्या गाडीचे ब्रेक

ती गाडी लासुर्ण्याच्या रस्त्यावरून पहिल्यांदा आली, तेव्हा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर कडेला घेऊन तिला वाट दिली. माझ्या नवऱ्याला त्याचा केवढा अभिमान वाटला. मला मात्र त्या ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू दिसलं होतं. दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी पिवळी स्पोर्ट्स कार. पुण्यातल्या कुणाकडून तरी जुनी घेतलेली. आमच्या फाटकापुढच्या पाण्याच्या चारीवरून ती आत येईना, म्हणून ह्यांनी आधी फळ्या टाकून बघितल्या. मग मुरूम आणून फाटकापासून शेडनेटपर्यंतचा रस्ताच उंच करून घेतला.

आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची, कलिंगड. शेतकरी आधी सांगून ठेवतात आणि आम्ही ट्रेमध्ये रोपं वाढवून देतो. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी तेच केलं. मूल झालं नाही. दवाखाने करून झाले आणि एका वर्षी आम्ही दोघांनीही त्याबद्दल बोलणं सोडून दिलं. त्यानंतर काही वर्षांनी ही गाडी आली. सासूबाई म्हणाल्या, “दोगंच तर हायसा. दोन शीटंच पुरं की.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ह्यांनी त्यांना एकदा गाडीत बसवून नरसिंहपूरला दर्शनाला नेलं. परत आल्या त्या डोकं धरूनच, आणि पुढं कितीतरी दिवस येईल त्या बाईला सांगत होत्या, की माझ्या लेकाच्या गाडीत बसलं की रस्ता कमरंखालनं पळतो.

गाडी आणून वर्ष होत आलं असेल, तेव्हा एका संध्याकाळी बारामतीहून आल्या आल्या ते म्हणाले, की गाडीचे ब्रेक कमी पडतायत. कालव्याच्या पुलापाशी एक बैलगाडी आडवी आली आणि गाडी जिथं थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढं जाऊन थांबली. काही झालं नव्हतं, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसायचे. मोठ्या डिस्क, दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे जाड कॅलिपर, स्टीलच्या जाळीचे पाइप, तापलं तरी न उकळणारं ब्रेक ऑइल. हा सगळा संच बाहेरच्या देशातून मागवायचा. त्याची किंमत ऐकून मी भाकरी थापायची थांबले. आमच्या एका शेडचं नेट वाऱ्यानं फाटून चिंध्या झालं होतं. ते पूर्ण बदलायला जेवढा खर्च येणार होता, तेवढाच हा.

मी नेटच्या बाजूची. माझं म्हणणं साधं होतं, की जंक्शन गावापासून लासुर्ण्यापर्यंत चार ठिकाणी गतिरोधक आणि मध्ये उसाची वाहतूक, इथं गाडी पळवणार कुठं आणि शर्यतीचे ब्रेक लावून थांबवणार काय? त्यांचं म्हणणं, की नेट फाटलं तर रोपं मरतात, ब्रेक लागला नाही तर माणूस मरतो.

मग मधला मार्ग निघाला. नुसते पॅड आणि ऑइल बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. खर्च निम्म्याच्याही खाली. पण पुण्याच्या दुकानदारानं फोनवर खरं ते सांगून टाकलं, की हे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि गावातल्या गावात चालवली तर किंचाळतात. मोठ्या डिस्क घ्याव्यात तर त्या आत्ताच्या चाकांत मावत नाहीत. म्हणजे चाकं नवी, आणि चाकांबरोबर टायरही आलेच. हे ऐकून मला हसू आवरेना. मी म्हटलं, अहो, चार महिने थांबलात तर ब्रेकला सगळी गाडीच नवी बसवावी लागेल. तेही हसले. त्या दिवसांत आम्ही या एका गोष्टीवर जेवढं बोललो, तेवढं बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. मला आता वाटतं, आमच्या संसारातले ते फार चांगले दिवस होते.

त्याच दिवसांत त्यांची उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चालता चालता मागंच राहायची आणि ते दोन पावलं पुढं जाऊन परत फिरायचे. चप्पल सैल झाली म्हणून त्यांनी पट्ट्याची घेतली. एकदा शेडच्या उंबऱ्याला ठेचकाळले आणि हातातला रोपांचा ट्रे पालथा झाला. गाडीतून उतरताना ते उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायचे. मला वाटायचं, गाडीच इतकी बुटकी, कुणालाही तसंच उतरावं लागेल.

बारामतीच्या एमआयडीसीत त्यांच्या ओळखीचं गॅरेज होतं. तिथं त्यांनी एकदा गाडी नेली. गॅरेजवाल्यानं चाकं काढून डिस्क बघितल्या, पॅड बघितले, एक चक्कर मारून आला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. ह्यांना ते पटलं नाही. घरी येऊन म्हणाले, त्याला रोजच्या गाड्यांची सवय, त्याला कळणार नाही. आणि मला म्हणाले, की तूच एकदा चालवून बघ. तुझ्या पायाला लागलं म्हणजे तू स्वतः पैसे काढून देशील.

मी आमचा टेम्पो चालवते, घरची साधी गाडी चालवते. या गाडीला मी हात लावला नव्हता. रविवारी सकाळी आम्ही लोणी देवकरला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रुंद, आणि सुट्टीला चिटपाखरू नसतं. तिथवर त्यांनीच चालवली. मग जागा बदलल्या. मी सीट पुढं ओढली, पट्टा लावला. ते म्हणाले, थोडा वेग घे आणि मी सांगितलं की दाब.

त्यांनी सांगितलं तसा मी दाबला. टेम्पोचा दाबते त्याच्या अर्ध्यानंही नाही. गाडी जागच्या जागी बसली. आमच्या दोघांच्याही माना पुढं गेल्या आणि पट्टा छातीला कचकन लागला.

“परत,” ते म्हणाले.

मी परत वेग घेतला आणि या वेळी आणखी हलका दाबला. गाडी तशीच थांबली. एका कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी खुर्चीतून उठून आमच्याकडं बघायला लागला. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, मीच केलं. मला तो ब्रेक बिघडलेला हवा होता. पाय खाली जावा आणि गाडी पुढं घसरत राहावी, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. गाडी थांबली.

इंजिन चालूच होतं. ते पुढच्या काचेतून बघत होते. मग उजव्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, “मला त्यो दगडासारखा लागतो.”

मी ब्रेकवरचा पाय उचलला.

“म्हंजे ब्रेक न्हाय,” ते म्हणाले. “पाय हाय.”

इतके दिवस ज्या खर्चाला मी नाही म्हणत आले होते, तोच आता माझ्या तोंडून निघाला. “आपण घेऊ या ते ब्रेक. मोठं किट. चाकं, टायर, सगळं घेऊ. नेट ऱ्हाऊ दे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. कधीकधी रोपं घ्यायला आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याशी बोलताना हसायचे, तसे. “गाडी बंद कर,” म्हणाले, “पेट्रोल जळतंय.”

परतीला मीच चालवत आणली.

बारामतीच्या डॉक्टरांनी पाय बघितला, हातोडीनं गुडघ्यावर ठोकून बघितलं आणि पुण्याला चिठ्ठी दिली. पुण्यात सुया टोचून स्नायू तपासले. एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून हळूहळू समजावलं, की मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. आज पाय, मग हात, मग बोलणं आणि गिळणं. यावर बरं करणारं औषध नाही. ह्यांनी विचारलं, की डोकं शाबूत राहील का? राहील, बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर ह्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतःही प्यायले. पार्किंगमध्ये माझ्या हातून किल्ली पडली. ती उचलायला वाकले ती मी तिथंच बसून राहिले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

सासूबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणाले, आई, पायातली ताकद चाललीय, हळूहळू सगळीच जाईल. त्या बराच वेळ त्यांचा पाय चोळत बसल्या. दुसऱ्या दिवशीपासून रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावायचा नेम त्यांनी धरला आणि शेवटपर्यंत मोडला नाही.

शेडचं नेट आम्ही त्या उन्हाळ्यात बदललं. ब्रेकचा विषय कुणी काढला नाही. संध्याकाळी मी त्यांना गाडीत बसवून न्यायचे. सुरुवातीला ते शेजारी बसून मला शिकवायचे, आता तिसरा टाक, इंजिनाचा आवाज ऐक, वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात न्हाय. मी शिकले. त्यांचा हात चालेनासा झाल्यावर पट्टा मी लावायचे. आवाज घोगरा झाला, मग शब्द एकमेकांत मिसळायला लागले, मग फक्त मलाच कळायचे. मी चूक केली की ते डोळे मिटायचे, तेवढ्यावरून मला समजायचं.

शेवटची मोठी चक्कर नरसिंहपूरची. त्यांना संगम बघायचा होता. भीमा आणि नीरा जिथं मिळतात तिथं घाटावर पाणी भरलेलं होतं. त्या बुटक्या सीटवरून मला एकटीला त्यांना उचलता येईना. दर्शनाला आलेल्या दोन शेतकऱ्यांनी धोतर खोचून, काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं आणि पायरीवर बसवलं. त्यातला एकजण जाताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेला. ते पाण्याकडं बघत रडत होते, की नुसते डोळे वाहत होते, मला सांगता येणार नाही. त्या आजारात दोन्ही होतं. मी पदरानं पुसत राहिले. काहीतरी म्हणाले. मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते काय म्हणाले होते, यावर मी आजही विचार करते. कधी वाटतं, पाणी गार असंल असं म्हणाले असतील. एवढंच असेल तरी मला ते हवं होतं.

थंडीत, सकाळच्या उन्हात, सासूबाई पायाला तेल लावत असतानाच ते गेले. मी शेडमध्ये होते.

गाडी मी वर्षश्राद्धानंतर विकली. पुण्याहून एक जोडपं आलं. दोघंही तरुण, नोकरी करणारी. नवरा गाडीभोवती फिरत राहिला, त्याची बायको सरळ आत जाऊन स्टिअरिंगवर बसली. मी त्यांना सगळे कागद दिले, गाडी वळणात कशी घ्यायची ते सांगितलं. मी सांगत असताना ती मुलगी फार लक्ष देऊन ऐकत होती. मग ती दोघं निघाली. आवाज कालव्यापर्यंत ऐकू आला, मग उसाच्या आड गेला.

आत आले तर सासूबाई अंधाऱ्या खोलीत पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. त्यांना आता कमी दिसतं.

“गेली का गं?” त्यांनी विचारलं.

“गेली,” मी म्हटलं, आणि खाली बसून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.