त्या दुपारची ड्यूटी माझी होती

२२ जानेवारी. रायपूरच्या पुरानी बस्तीतलं अक्कांचं घर रिकामं करते आहे. आज स्वयंपाकघर. बरण्या पुसायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, खोक्यात उभ्या लावायच्या. महिनाअखेर घरमालकाला ताबा द्यायचा आहे, आणि हे काम माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही असं घरात ठरलेलं आहे.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्रभाकरांची, थोरली बहीण. वय अडुसष्ट. लग्न केलं नाही. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली आणि या दोन खोल्यांत एकट्या, स्वतःच्या मर्जीनं राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे चौबे कॉलोनीत आल्या. का आल्या, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त ते खरं नाही — आणि खरं नाही हे मला एकटीला माहीत आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही. वेळ रोज येत होती. मग आज का? कारण हे घर एकदा दिलं की परत मिळणार नाही. त्यानंतर सांगितलं तर फक्त माझं ओझं उतरेल, त्यांना काही मिळणार नाही.

सुरुवातीपासून सांगते.

नवं राज्य झालं तेव्हा आमचं गाव राजधानी झालं, रातोरात मंत्री आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, आणि माझी बदली प्रोटोकॉल शाखेत झाली. पाहुणे आणायचे, पोचवायचे, जेवणाची वेळ सांभाळायची. आमच्यासोबतच्या पोलिसांच्या हातात वॉकी-टॉकी असायचे. मला त्यांचं बोलणं आवडायचं. आधी स्वतःचं नाव, मग जागा, मग काम. तीन वाक्यांत सगळं संपलं. घरात असं कोण बोलतं?

त्यामुळे राज्याला पाच-सहा वर्षं झाल्यावर आम्ही चौघांनी मुंबईहून लक्षद्वीपची जहाजाची सहल ठरवली — मी, हे, आमची मुक्ता आणि अक्का — तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला तो संपर्काचा. समुद्रात मोबाइल चालणार नव्हता. जहाज नऊ मजली. माझ्या भावाने मस्कतहून चार छोटे वॉकी-टॉकी आणून दिले आणि मी नियम केले. रायपूरहून निघालेल्या गाडीत सगळ्यांना वाचूनही दाखवले. आवाज बारीक ठेवायचा. जेवणाच्या हॉलमध्ये आणि नाटक-सिनेमात सेट बंद. खोल्यांबाहेरच्या बोळात उभं राहून बोलायचं नाही, आत लोक झोपलेले असतात. दुसऱ्याचं बोलणं संपल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि दुपारी सगळ्यांनी सेट चालू ठेवून एकमेकांची झोप मोडायची नाही — एकाची ड्यूटी. ड्यूटीवाल्याचा सेट चालू, बाकीच्यांनी खुशाल बंद करावा. कुणाला काही लागलं तर ड्यूटीवाला बघेल.

मुक्ता म्हणाली, "मम्मी, हम घूमने जा रहे हैं या सी.एम. का दौरा है?" हे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

जहाजावर नियम सगळ्यात चोख पाळले ते अक्कांनीच. त्यांचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. एक्स्चेंजमधला आवाज — उंच नाही, पण अक्षर अन् अक्षर सुटं. "शोभा, अक्का बोलते. पाचव्या मजल्यावर चहा मिळून राहिला. ओव्हर." आजूबाजूचे प्रवासी कौतुकानं बघायचे. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी — खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मला त्याचा कंटाळा आला. त्या उगाच बोलत नव्हत्या. दिवसातून चार-पाच वेळा, आणि दर वेळी कामाचंच. पण माझ्या कमरेला लावलेल्या डबीतून कोणीतरी माझं नाव घेत होतं, आणि माझं नाव घेतलं की मी उठायचं, हे वीस वर्षांचं ठरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी माझी होती. हे आणि मुक्ता सिनेमाला गेले, सेट बंद करून. अक्का म्हणाल्या, मी वरून समुद्र पाहून येते. मी मागच्या डेकवर सावलीत बसले. तिथे नाशिकच्या तिघी बायका रमी खेळत होत्या, त्यांना चौथी हवी होती. पैसे लावून नाही, नुसतंच. त्यांना मी कोणाची सून, कोणाची भावजय, कुठल्या शाखेतली — काही माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलले की त्या हसायच्या. मला आठवत नाही, त्याआधी शेवटचं मी असं नुसतं बसून कधी हसले होते.

आणि सेट बोलला.

"शोभा, अक्का बोलते. सातव्या मजल्यावर, लिफ्टजवळ. मले चक्कर येऊन राहिली. ये. ओव्हर."

मी ऐकलं. हेच सांगायचं होतं — मी ऐकलं. खरखर नव्हती, शब्द तुटला नव्हता. नाव, जागा, काम, सगळं माझ्याच नियमाप्रमाणे. समोरच्या बाईने पत्ता टाकला होता आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी कमरेशी हात नेला आणि सेटचं गोल बटण मागे फिरवलं, खट् होईपर्यंत. मग पत्ता उचलला.

काय विचार केला मी? हा डाव होऊ दे, मग जाते. असा केला का? की काहीच केला नाही? दोन वर्षं मी स्वतःला विचारते आहे, आणि मला वाटतं मी काहीच विचार केला नाही. तो डाव झाला. दुसराही झाला. मी जिंकले.

अक्का तिथे वाट बघत थांबल्या. मग आपणच खोलीवर जाऊ म्हणून जिन्याने उतरायला लागल्या. जहाज थोडं हललं आणि त्या पाच-सहा पायऱ्या खाली आल्या. उजवं मनगट मोडलं. मला कळलं ते जहाजावरचा एक कर्मचारी नाव विचारत डेकवर आला तेव्हा. त्याच्यासोबत जिना चढताना मी सेट पुन्हा चालू केला. हेही मी विसरलेले नाही.

दवाखान्यात हे आणि मुक्ता आधीच पोचले होते. यांनी मला विचारलं, अक्का म्हणते तिने बोलावलं होतं, तुझा सेट कुठे होता? सेट माझ्या कमरेलाच होता, त्यावरचा हिरवा दिवा लागलेला. मी म्हणाले, "चालूच होता की. आवाज आला नाही. बटण नीट दाबलं गेलं नसेल."

एवढंच. तीन लहान वाक्यं. तेव्हा मी जहाजाच्या लोखंडी भिंतींवर ढकलू शकत होते, तेही पटलं असतं. पण मी बटण म्हणाले. बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं, माझ्यापासून सगळ्यात लांब.

अक्का म्हणाल्या, "दाबलं तं होतं. तीनदा." मग त्यांनी प्लास्टर नसलेल्या हाताचा अंगठा पाहिला आणि म्हणाल्या, "मले तं वाटलं दाबलं."

वातावरण हलकं करायला हे म्हणाले, "एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काय करत होती वं तू?" मुक्ता म्हणाली, "बुआ, बोलते समय दबाकर रखना पड़ता है." दोघांनी प्रेमानेच म्हटलं. अक्का हसल्यासारखं हसल्या. मी त्यांची उशी सारखी केली.

रायपूरला आल्यावर हात बरा होईपर्यंत त्या आमच्याकडे राहणार होत्या. दीड महिना. प्लास्टर निघालं तेव्हा यांनी विषय काढला, की अक्का, आता एकटी नको राहू. मला वाटलं भांडतील. आधी दोनदा हाच विषय निघाला होता आणि दोन्ही वेळा त्या चप्पल घालून निघून गेल्या होत्या. या वेळी म्हणाल्या, "बटण दाबलं का नाही हेच मले समजत नसन, तं गॅस कसा सांभाळू?"

तेव्हा मी तिथेच होते. पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

तेव्हापासून त्या फोन उचलत नाहीत. शेजारी बसलेल्या असल्या तरी हाक मारतात, मुक्ता, फोन वाजून राहिला. चहा केला की मला विचारतात, गॅस बंद केला ना मी? मी जाऊन बघते. गॅस बंद असतो. दर वेळी बंदच असतो. मी म्हणते, हो, बंद आहे. या दोन वर्षांत त्यांचं काही विसरलेलं, चुकलेलं मला एकदाही सापडलं नाही — आणि मी शोधत होते, हे तुम्हाला सांगायला हवं. काहीतरी सापडावं म्हणून शोधत होते. म्हणजे ती दुपार नसती तरी हे होणारच होतं असं म्हणता आलं असतं.

घरभाडं त्या पेन्शनमधून देत राहिल्या, दोन वर्षं. सामान आहे, एवढंच म्हणायच्या. मागच्या आठवड्यात स्वतःच म्हणाल्या, आता काहून ठेवायचं, देऊन टाका. म्हणून मी इथे आले आहे.

चार खोकी भरली. अजून दोन होतील.

२३ जानेवारी. सकाळी सहाला उठले. अक्का मागच्या ओट्यावर मटार सोलत होत्या. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, "अक्का, तुम्ही बटण दाबलं होतं. मी ऐकलं होतं. सेट मी बंद केला, आणि खोटं बोलले."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग विचारलं, "काय ऐकलं तू?"

मी त्यांचं वाक्य म्हणून दाखवलं. सातवा मजला, लिफ्टजवळ, चक्कर, ये. ओव्हरसकट. त्या मान हलवत ऐकत होत्या, हिशेब जुळतो का बघावं तशा.

"अन् बाकीचे दोनदा?"

"तोवर बंद केला होता."

"काहून?"

"पत्ते खेळत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताटातले दाणे एका बाजूला सारले, सालं दुसऱ्या बाजूला. मग म्हणाल्या, "घरमालकाले मी सांगते, घर देत नाही म्हणून. प्रभाकरले तू सांग."

मी आत गेले. हे दाढी करत होते. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, पुन्हा सांग. एव्हाना मुक्ताही उठून मागे येऊन उभी राहिली होती. मी पुन्हा सांगितलं, तिलाही ऐकू जाईल असं.