अण्णांनी आधीच बघितलेला सीझन

जिंकणाऱ्यांकडे फोटो साठतात, हरणाऱ्यांकडे किस्से. आमच्या कॉलेजच्या टीमने यंदा बारापैकी दहा मॅचेस हरून दाखवल्या, त्यामुळे माझ्याकडे ढीग झालाय! फक्त हसत सांगायला बसलो की मध्येच विषय बदलतो.

आधी मंडळी सांगतो. मी, विनय आणि प्रसाद अमेरिकेत एकाच युनिव्हर्सिटीत एमएसला होतो. तिथून हे फुटबॉलचं खूळ घेऊन आलो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचा! आता तिघंही सिंगापुरात: मी आणि विनय पाया लेबारला ऑफिसात, प्रसाद इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवार सकाळ. साडेसातला वुडलँड्सला विनयच्या फ्लॅटवर जमायचं, शर्मिलावहिनींचे पोहे खायचे आणि हरायचं.

यंदा दोन गोष्टी नव्या होत्या. विनयला चालताना धाप लागायला लागली आणि बायपास ठरली. तारीख मिळाली ती नेमकी शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशीची! "सीझन संपला की मला कापणार," असं तो हसत सांगायचा. वहिनी तेव्हा उठून आत जायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे वडील, अण्णा, साताऱ्याहून राहायला आले. वय अठ्ठ्याहत्तर, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त.

*

पहिलीच मॅच. आम्ही चौदा पॉइंट्सनी पुढे! विनय टाळ्या पिटतोय. अण्णांनी पेपरची घडी घातली.

"एवढे नाचू नका. हरले ते."

"अण्णा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"कळत काही नाही. सकाळी बघितली ना मी!"

आम्ही खो खो हसलो. शेवटच्या मिनिटाला हरलो. म्हाताऱ्याने भलतीच कुठलीतरी मॅच बघितली असणार आणि दगड बरोबर लागला, असं ठरवून आम्ही घरी गेलो.

*

प्रसादला पुराव्याशिवाय चहासुद्धा गोड लागत नाही. पुढच्या रविवारी आल्या आल्या त्याने अण्णांकडून स्कोअर कागदावर लिहून घेतला आणि पोह्यांच्या डब्यात ठेवला. मॅच संपल्यावर डबा उघडला. दोन्ही आकडे बरोबर!

"एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही," प्रसाद म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा कागद, पुन्हा डबा, पुन्हा बरोबर. चौथ्या रविवारी तो नुसताच येऊन बसला. मी म्हटलं, "काय रे, आज कागद नाही?"

"पेन संपलं," तो म्हणाला. खिशाला तीन पेनं होती.

*

विनयची मुलगी इरा आठ वर्षांची आहे. एकदा तिच्यादेखत विनय मला समजावत होता की अण्णा पहाटे कुठल्या तरी चॅनेलवर काहीतरी बघत असणार.

इरा मान वर न करता तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "व्हेअर गॉट चॅनेल? टीव्ही ऑफ लाह!"

"तुला काय माहीत?"

"रिमोट माझ्या रूममध्ये असतो. आजोबा ऑफ टीव्हीच बघतात. एव्हरी संडे."

विनयने आवाज वाढवला, मॅचचा.

*

नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे मॅच आपल्याकडे साडेआठला. दोन आयटीवाले आणि एक शास्त्रज्ञ, तिघंही विसरलो! सव्वासातलाच टीव्हीसमोर हजर. अण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते निवांत अंघोळ करून साडेसातला आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आजपासून तासभर उशिरा सुटते."

मग ते बघायला लागले. टीव्ही बंद. त्यांची मान डावीकडून उजवीकडे जात होती, मध्येच चुकचुकत होते. प्रसाद न राहवून पुढे झाला तर म्हणाले, "मधून बाजूला व्हा जरा."

खाली प्लेग्राउंडवर मुलं ओरडत होती, तेवढाच आवाज. बरोबर एका तासाने अण्णा उठले.

प्रसाद कसनुसा हसला. "अण्णा, आमची मॅच साडेतीन तास चालते."

"मला जाहिराती लागत नाहीत," अण्णा म्हणाले.

प्रसादने हिशोब केला. खेळ खरंच साठ मिनिटांचा असतो. त्या दिवशी त्याने पोहे खाल्ले नाहीत.

*

त्यानंतर अण्णांना कुणी काही विचारेना. सगळ्यात जास्त टाळायचा तो विनय. टीम हरते याचं मला तोवर वाईट वाटायचं. आता भीती वाटत होती, आणि ती टीमसाठी नव्हती.

शेवटची मॅच. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. तिसऱ्या क्वार्टरमध्ये विनय म्हणाला, "जरा पडतो," आणि आत गेला. वहिनींनी दार लोटून घेतलं, येऊन टीव्ही बंद केला. त्या अण्णांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"अण्णा, आजचं नको. पुढच्या वर्षीची बघितलीत का?"

"वहिनी, नका विचारू," प्रसाद म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला. "बघितली. पहिलीच."

"कोण कोण होतं?"

"हे दोघं होते. तू होतीस, चहा घेऊन आलीस."

"आणि?"

"विनय होता की! बारीक झालाय. पण ओरडतो तसाच."

वहिनींनी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि इतके दिवसांचं रडून घेतलं. प्रसादने माझा दंड धरला होता तो सोडला. मला इतकं हलकं वाटलं की माझी जीभ सैल सुटली.

"आणि अण्णा, तुम्ही कुठे बसला होतात?"

अण्णा चष्मा पुसत राहिले. सदऱ्याच्या टोकाने एक काच, मग दुसरी.

"माझ्या खुर्चीत इरा होती," ते म्हणाले. मग आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"विनयला बोलू नका हे. उद्या ऑपरेशन आहे त्याचं."