नावाचा रकाना

"वाच. मोठ्यानं वाच."

आप्पांनी रजिस्टर माझ्यापुढं टाकलं. आप्पा आमच्या गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. पेपर वाचायला सहा-सात जण बसलेले. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

मी तिथली ग्रंथपाल, ग्रंथालयाचा कोर्स केलेली. आमच्या वस्तीतली पहिलीच. कोर्सला शिकवलं होतं, माणूस आधी जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. भीती असली की तो खरी गरज लपवतो. त्याला बाजूला घ्या, कशासाठी हवंय ते हळू विचारा. मला ते लगेच पटलं होतं. आमचं सगळं आयुष्य लपवण्यातच गेलेलं.

आदल्या दिवशी निमोण्याला दिलेली सुमनमावशी माहेरी आली होती. तिनं मुलीसाठी नागरिकशास्त्राचं पुस्तक मागितलं. दिलं, तरी हलेना. मी तिला मागच्या कपाटापाशी नेलं.

"मावशी, अजून काय पाह्यजे?"

"भाऊ बापाच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही मागत्यात," ती पुटपुटली. "न्हाई केली तर काय व्हतं गं?"

वारसाहक्काचं पुस्तक मी माझ्या नावावर काढून दिलं. ती ते पदराखाली घेऊन गेली. प्रश्नांच्या रजिस्टरला मात्र मी नोंद केली. नाव, गाव, प्रश्न. शिकवलं होतं तशी, सुवाच्य अक्षरात.

आता तेच वाचायचं होतं. समोर मावशीचा थोरला भाऊ बसलेला. मी रजिस्टर मिटायला गेले.

"तुझ्या बापानं आमच्या गोठ्यात शेण काढलं," आप्पा म्हणाले. "तुला खुर्चीवर आमी बसवली. वाच."

मी वाचलं. नावासकट. काम जाईल म्हणून भ्याले, दुसरं काही कारण नाही. माणसं हसली. भाऊ हसला नाही. उठून गेला.

चार दिवसांनी तोच पुस्तक परत घेऊन आला. टेबलावर ठेवलं. मावशी पुन्हा आली नाही. तिनं सही केली का, मला माहीत नाही. तिला विचारायला मला तोंड नाही.

रजिस्टर भरलं. नवीन मीच आखलं. तारीख, प्रश्न, दिलेलं पुस्तक. आप्पांनी पानं चाळली.

"नावाचा रकाना कुठाय?"

"न्हाई ठेवला."

"ठेव."

"न्हाई ठेवणार, आप्पा."

शब्द माझेच होते. ते रजिस्टर मिटून निघून गेले. कमिटीची मीटिंग सोमवारी आहे. मला काढतील. काढू देत. तोवर येईल त्याला मी कपाटापाशी नेऊन हळूच विचारणार, कशासाठी हवंय. आणि कोण आलं होतं, ते कुणालाही सांगणार नाही.