जाईबाईचा जांभळा चष्मा

जाईबाईला हल्ली बऱ्याच गोष्टींची शिसारी यायची, पण सगळ्यात जास्त यायची ती काखेत घुसणाऱ्या हातांची. विचारणं नाही, सांगणं नाही. आले दोघं, घातले हात काखेत आणि उचललं म्हातारीला. शी!

पार्किन्सन्स झाल्यापासून तिचे पाय मधेच चिकटायचे. चांगली चालत असायची, आणि उंबरा आला किंवा फरशीचा रंग बदलला की खलास. जमिनीवरच्या रेघा पाण्यात हलाव्यात तशा हलायच्या, उंबरा विहिरीएवढा खोल दिसायचा, आणि पाय काही पुढं निघायचा नाही. शिरूरच्या एसटी स्टँडवर एकदा ती अशीच पट्ट्यापट्ट्यांच्या फरशीवर खिळून राहिली. तोंडातून लाळ गळत होती. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "दुपारीच टाकली जणू म्हातारीनं." जन्मात चहाशिवाय काही न प्यायलेली बाई! त्या लाळेची तर तिला स्वतःलाच घाण वाटायची. कुणी समोर आलं की तोंडावर आधी पदर.

हेही तिनं एक वेळ सोसलं असतं. गेल्या ग्रामपंचायतीचं मतदान मात्र तिच्या मनातून जात नव्हतं. नवरा बन्सी जिवंत होता तोवर मतदानाला दोघं पांढरेशुभ्र इस्त्रीचे कपडे घालून जायची, चौदा एप्रिलला घालायची तेच. बन्सी म्हणायचा, "बाबासाहेबांनी दिल्यालं हाय हे. दुसऱ्याच्या हातनं द्यायचं न्हाई." आणि गेल्या खेपेला काय झालं? सरपंच हौसरावाच्या माणसांनी तिला खुर्चीसकट जीपमध्ये ठेवलं, शाळेत नेलं, साहेबाला सांगितलं की आजीला दिसत नाही, हात थरथरत्यात. मग हौसरावाचा भाऊ सोबती म्हणून तिच्याबरोबर आत गेला आणि तिनं तोंड उघडायच्या आत बटण दाबून मोकळा झाला. वर कानाशी येऊन गुटख्याच्या वासात म्हणतो कसा, "झालं बघा आजी, तुमचं मत." तिचं म्हणे! घरी येऊन तिनं अंग चोळचोळून धुतलं, पण बोटावरची शाई काही निघाली नाही. तेव्हाच तिनं ठरवलं, पुढचं मत आपल्या पायानं जाऊन आपल्या बोटानं देईन, नाहीतर देणार नाही.

तिची लेक सीमा दौंडला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं आईला पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी डोळ्यांवर एकेक रंगाची काच धरून बघितली. आधीच सांगून ठेवलं, "यानं आजार जात नाही हं आजी. सगळ्यांना उपयोग होतो असंही नाही. पण बघू तर." पिवळ्या काचेनं जाईबाईला मळमळलं. हिरव्यानं काहीच झालं नाही. मग फिकट जांभळी काच आली आणि समोरच्या फरशीच्या रेघा हलायच्या थांबल्या.

"सीमा," ती म्हणाली, "फरशी गप बसली गं."

आणि दवाखान्याच्या त्या लांब बोळातून ती एकटी चालत गेली आणि एकटीच परत आली. सीमा तोंडाला रुमाल लावून रडत बसली होती. जाईबाई तिच्यावरच डाफरली, "रडतीस काय येडे, चष्म्याचं बघ."

गावात आल्यावर पोरांनी चिडवलं, "आजी, शूटिंगला निघालाव का?" ते परवडलं. पण निवडणूक लागली, आणि हौसरावाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या इंद्रजीतला निशाणी मिळाली ती नेमकी चष्मा. झालं! इंद्रजीतला आयतं सापडलं. जाईबाई नळावर पाणी भरत होती, तेव्हा त्यानं तिचा फोटो काढला आणि चौकात फ्लेक्स लावला. चष्म्यातली जाईबाई, आणि खाली, 'आजीला दिसलं, तुम्हाला कधी दिसणार?'

जाईबाई पाय ओढत त्याच्या दारात गेली. "मला इचारलं व्हतं का? उतरव ते."

"आजी, तुमी फेमस झालाव की!" तो दात काढत म्हणाला. "आन् तुमाला समाजात मान हाय. तुमच्या फोटोनं तुमची समदी वस्ती आपल्याकडं येती."

एकानं उचलून मत घेतलं, हा फोटो टांगून घेतोय. फ्लेक्स काही उतरला नाही.

मतदानाच्या दिवशी सीमा सकाळीच दौंडहून आली. पांढऱ्या साडीला इस्त्री झाली. दोघी शाळेपर्यंत चालत गेल्या. सीमानं हात पुढं केला की जाईबाई तो झटकायची. रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लागायची वेळ जवळ आली, आणि ती वर्गाच्या दारात येते तोच आत बसलेला हौसराव ओरडला, "ओ मॅडम! शंभर मीटरच्या आत प्रचार चालतो का? आजीच्या डोळ्यांवर निशाणी हाय!"

आत बसलेल्या केंद्राध्यक्ष बाई गोंधळल्या. इंद्रजीतही तिथंच होता. तो उसळला, "चष्मा काय प्रचार असतो व्हय? रांगेत निम्म्यांच्या नाकावर चष्मं हायेत!"

"ते पांढरे. हा रंगीत. आन् चौकात फ्लेक्स कुणाचा लागलाय?"

सीमा सांगत होती की हे औषध आहे, डॉक्टरचा कागद दाखवते. ऐकतंय कोण? हौसराव बोलत होता आपल्या खुर्चीसाठी, इंद्रजीत बोलत होता आपल्या निशाणीसाठी, आणि जिच्या डोळ्यांवर चष्मा होता तिच्याकडं एकाचंही लक्ष नव्हतं. बाई घाबरून म्हणाल्या, "आजी, जरा तेवढ्यापुरता काढता का? उगाच तक्रार नको."

जाईबाईनं काढला. साहेब लोकांचं ऐकायची जन्माची खोड.

आणि फरशी हलली. वर्गात काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या, त्या सगळ्या एकमेकींवर चढायला लागल्या. उंबरा खाली खाली गेला. पाय चिकटला. मागं रांग चुळबुळायला लागली. "अरे उचला की आजीला, ऊन किती झालंय!" हौसराव म्हणाला, आणि एजंट म्हणून आत बसलेला त्याचा भाऊ उठला. इंद्रजीत त्याच्या आधी धावला, "मी सोबती व्हतो! आजी आमची हाय!" दोघांचे हात दोन्ही बाजूंनी काखेकडं आले. तोच गुटख्याचा वास.

"हात लावायचा न्हाई!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की दोघं जागच्या जागी थांबले. सीमासुद्धा दचकली.

जाईबाई धापा टाकत चौकट धरून उभी होती. फरशीकडं बघवत नव्हतं म्हणून तिनं मान वर केली, आणि तिची नजर बाईंच्या टेबलावर गेली. तिथं चहा होता. हौसरावानं घरून पाठवलेला, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी, चिनी मातीच्या नव्याकोऱ्या कपबशांतून. शाळेत एरवी कागदी पेले. आणि हौसरावाची निशाणी काय होती? कपबशी.

"मॅडम," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द न् शब्द सगळ्यांना कळला. "माझा चष्मा प्रचार आसंल, तर तुमी पिताय ते काय हाय?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळीच रांग हसली. बाईंनी हातातली बशी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "शिपाई, उचला हे सगळं! आणि तुम्ही दोघं मागं व्हा. आजी, घाला तुमचा चष्मा. सावकाश या."

जाईबाईनं चष्मा घातला. फरशी गप बसली. ती उंबरा ओलांडून आत गेली, एकटी. शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीनपुढं उभी राहिली.

समोर दोन चित्रं होती. वर कपबशी, खाली चष्मा. तिनं दोन्हींकडं बघितलं आणि तीच शिसारी पुन्हा आली. एवढ्या वर्षांनी आपल्या पायानं इथवर आले, ती यांच्यासाठी? बन्सीची आठवण आली. तो असता तर काय म्हणाला असता, ते तिला ठाऊक होतं. उजवा हात थरथरत होता, म्हणून तिनं तो डाव्या हातानं धरला आणि सगळ्यात खालचं, यांपैकी कुणीच नको म्हणायचं, नोटाचं बटण दाबलं. लांबलचक शिट्टी वाजली.

बाहेर दोघंही वाटच बघत होते. हौसराव म्हणाला, "आजी, जुन्या माणसाला इसरला न्हाईत ना?" इंद्रजीतनं तर मोबाईलच समोर धरला. "आजी, शाईचं बोट वर करा. चष्म्यालाच दिलं ना?"

"मत गुप्त आसतंय, बाबा," जाईबाई म्हणाली.

तिच्या तोंडात लाळ जमली होती. सवयीनं हात पदराकडं गेला, पण तिनं तो खाली घेतला. आणि दोघांच्या बुटांच्या मधोमध, सगळ्या रांगेच्या देखत, ती पचकन थुंकली.